आधी खुराडं, मग कोंबडी

आमच्या संगमेश्वरकडे एप्रिल लागला की मोटारसायकलच्या मागे जाळीचा पिंजरा बांधलेला पिल्लंवाला वाडीवाडीतून फिरतो. मुंबईची पोरं सुट्टीला आलेली असतात, आजी-आजोबांचा हात सैल झालेला असतो, आणि पिल्लं तर अशी गोजिरी की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. दहा पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरात येतात. जूनमध्ये पोरं परत जातात, पिल्लं राहतात. तोवर ती पारव्याएवढी झालेली असतात, खोकं कधीच फाटलेलं असतं, बाहेर पाऊस कोसळत असतो, आणि घरातल्या मोठ्यांना पहिल्यांदा प्रश्न पडतो की यांना रात्री ठेवायचं कुठे?

मग पडवीचा कोपरा. तिथे घाण होते म्हणून मांगरातलं डालगं. डालग्याखाली मावेनाशी झाली की मोडक्या पलंगाला चारी बाजूंनी फळ्या ठोकून केलेली कोंडी. गणपतीपर्यंत दहाची सहा होतात, दिवाळीला दोन उरतात, आणि 'आमच्या घराला कोंबडी लाभत नाही' असं म्हणून विषय मिटतो. लाभण्या-न लाभण्याचा यात काही संबंध नाही. रात्रीची सोय आधी केली नाही, एवढंच झालेलं असतं.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, सात मेलेल्या तलंगांच्या जोरावर सांगतो. पहिलं खुराडं मी हौसेने बांधलं ते मे महिन्यात. दार असं चपखल बसवलं होतं की मधून पोस्टकार्ड जाणार नाही. जुलैत ते लाकूड पाण्याने फुगलं. दार लावायला खांदा द्यावा लागायचा. चार दिवस दिला, मग कंटाळलो आणि नुसतं लोटून खाली चिरा टेकवायला लागलो. एका पहाटे चिरा सरकलेला, दार वीतभर उघडं, आत सात तलंगा आडव्या. पाच जागच्या जागी, मानेवर दात उमटलेले, अंगावर दुसरी जखम नाही. दोन ओढत नेलेल्या, त्यांच्या पिसांची रेघ केळीपर्यंत गेलेली. पुढच्या पंधरवड्यात त्या अंड्यावर येणार होत्या. आई एवढंच म्हणाली, "दार लागत नव्हतं तर सांगायचंस. सुताराला बोलावून रंधा मारून घेतला असता." पाच मिनिटांचं काम होतं.

वाडीत सगळ्यांनी मुंगसाचं नाव घेतलं. पण मुंगूस दिवसाचं जनावर आहे. भर दुपारी पिल्लू उचलेल, उजाडता उजाडता अंडं फोडेल, पण मध्यरात्रीचा हिशेब त्याच्या खात्यावर टाकू नका. रात्री येतात ती रानमांजरं, कांडेचोर, कोल्हे, मोकाट कुत्रे, घुशी आणि पिल्लं-अंड्यांच्या मागावर असलेले साप. कोंबडीला अंधारात दिसत नाही. दांड्यावर बसली की ती सकाळपर्यंत तशीच बसते, शेजारचीला मारलं तरी पळून जायला तिला वाट दिसत नाही. म्हणून एक जनावर आत शिरलं तर एक कोंबडी जात नाही, अख्खी ओळ जाते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरं. पण नीट झाकलं नाही तर तांबडं फुटेपर्यंत कोंबडं राहत नाही.

तेव्हा परसात आठ-दहा कोंबड्या ठेवायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की पिल्लांना हात लावण्याआधी खुराडं बांधा. पूर्ण बांधा. 'तोपर्यंत काहीतरी करू' हा जो तोपर्यंत आहे, त्यातच त्या मरतात.

सुरुवात मापापासून करू, कारण चूक तिथेच होते. दिवसभर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती दीड ते दोन चौरस फूट जमीन पुरते. म्हणजे 6 फूट लांब आणि 4 फूट रुंद खुराड्यात 12 कोंबड्या राहतील. मी म्हणेन 10 ठेवा. ज्यांना कुंपणाअभावी कोंबड्या दिवसाही कोंडूनच ठेवायच्या आहेत त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी खुराड्याला लागून जाळीचं आवार करावं आणि दर कोंबडीमागे निदान 8 ते 10 चौरस फूट जागा सोडावी. नाहीतर त्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि एकदा रक्त दिसलं की टोचणं थांबत नाही. उंची इतकी हवी की तुम्हाला वाकून का होईना आत शिरता येईल. ज्या खुराड्यात माणसाचा हात पोचत नाही तिथे खराटाही पोचत नाही. पुढून 5 फूट, मागून 4, म्हणजे छपराला उतार आपोआप मिळतो.

सुताराला मात्र समोर बसवून सांगा. सुताराला नुसतं 'खुराडं कर' म्हटलं की तो एकतर फळकूट ठोकून देतो, नाहीतर देवघर करून देतो. माझ्या दुसऱ्या खुराड्याच्या वेळी त्याने दाराला नक्षी काढायची तयारी दाखवली होती. वारा यायला भोकं कुठे ठेवलीस विचारलं, तर म्हणाला, "कोंबडीला थंडी नाय का लागत?"

त्याची चूक नाही, बहुतेकांना तसंच वाटतं. कोंबडीच्या अंगावर पिसांची गोधडी असते. आपल्या हवेत मोठ्या कोंबडीला थंडीने फारसं काही होत नाही, होतं ते ओलाव्याने आणि कोंदटपणाने. कोंबडी लघवी वेगळी करत नाही, जे काही बाहेर पडतं ते विष्ठेबरोबरच. दिवसाच्या विष्ठेतला मोठा वाटा रात्री दांड्याखाली साचतो. ती ओली राहिली की तिच्यातून अमोनिया सुटतो, तो डोळ्यांना आणि श्वासनळीला झोंबतो, आणि मग नाक गळणं, घरघर, डोळे सुजणं असं एकामागून एक चालू होतं. तुमच्या खुराड्याची परीक्षा तुम्हीच घ्या. पहाटे दार उघडायच्या आत, डोकं आत घालून कोंबडी बसते त्या उंचीवर नाक न्या आणि दोन श्वास घ्या. डोळ्यांत पाणी आलं तर कोंबड्या ते रात्रभर सोसतायत.

यावर उपाय सोपा आहे. भिंती खालून दीड-दोन फूट बंद ठेवा, म्हणजे बसलेल्या कोंबडीवर थेट झोत येत नाही, आणि वर छपराच्या खाली चारी बाजूंनी नाहीतर निदान समोरासमोरच्या दोन बाजूंनी वीतभर पट्टा जाळीचा सोडा. गरम, दमट हवा वर जाऊन तिथून निघून जाते. पावसाळ्यात ज्या बाजूने झड येते, आमच्याकडे ती नैऋत्येकडून येते, त्या बाजूला छप्पर दीड-दोन फूट पुढे काढा. ते जमत नसेल तर झाप बांधा. पण प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळून त्यांना डब्यात कोंडू नका. जुलैत असं गुंडाळलेलं खुराडं मी पाहिलंय. आतून कागदावर पाण्याचे थेंब लोंबत होते.

जाळीवर पैसे वाचवू नका. बाजारात षटकोनी भोकांची पातळ तारेची जी कोंबडीजाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे. बाहेरच्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. कुत्रा ती दाताने फाडतो, घूस कुरतडते, रानमांजर नखाने ओढून खिळ्यातून सोडवते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. महाग पडते, माझ्या खुराड्यात सगळ्यांत जास्त पैसे तिलाच लागले, पण सात वर्षं झाली, अजून तीच आहे. ती खिळे वाकवून ठोकू नका, वरून लाकडाची पट्टी घेऊन स्क्रूने आवळा. खुराडं जमिनीवर असेल तर जाळी खाली येऊन फूटभर बाहेरच्या बाजूला मातीखाली पसरवा. उकरणारं जनावर भिंतीला खेटूनच उकरतं, तिथेच त्याच्या पंजाला जाळी लागली की ते नाद सोडतं. फूटभर मागे सरून खणावं इतकी अक्कल त्याला सुचत नाही, आपलं नशीब.

जमिनीवर बांधायचं की उंचावर, हे गाव बघून ठरवा. कोकणात, मावळात, जिथे पावसाळाभर जमिनीला पाझर असतो, तिथे माचच हवा. चिऱ्याचे सहा खांब अडीच फूट उंच रचा आणि त्यावर सांगाडा ठेवा. लाकडी पाय थेट मातीत पुरलेत तर दुसऱ्या वर्षी वाळवी वर चढलेली दिसेल. पुरायचेच असतील तर आधी जळकं ऑइल दोन हात पाजा. तळाला बांबूच्या किंवा सुपारीच्या पट्ट्या, मधे पाऊण इंच फट, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि आठवड्याने फावड्याने ओढून घेता येते. पट्ट्यांच्या खालून जाळी मारायला विसरू नका. पिल्लांचे पाय मात्र अशा फटीत अडकून मोडतात, दोन महिन्यांखालच्या पिल्लांना सलग तळच हवा.

देशावर, जिथे पाऊस बेताचा आहे, तिथे जमिनीवरचं खुराडं जास्त बरं. जोतं फूटभर उचला आणि आत भाताचं तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं चार बोटं पसरा. याला गादी म्हणतात. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने ती वरखाली करा, ओली झालेली जागा काढून टाका, वर मूठभर चुना भुरभुरा. गादी मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर लाडू झाला तर ओल जास्त आहे. मोकळी सुटली तर ठीक. तिकडचा खरा शत्रू ऊन आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात पारा चाळिशीच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून फाकवून उभी राहते. नुसत्या पत्र्याखाली ती होरपळते. पत्र्यावर उसाचं पाचट नाहीतर गवत टाका, तेही नसेल तर वरून चुन्याची सफेदी मारा, पश्चिमेला गोणपाट टांगून दुपारी त्यावर पाणी मारा, आणि पाण्याचं भांडं मातीचं ठेवा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन लांब भिंतींतून आत घुसत नाही, फक्त अरुंद टोकांवर पडतं.

आता बसायचे दांडे. हे कुणी मनावर घेत नाही. कोंबडीला जमिनीवर झोपायचं नसतं, झाडावर बसणाऱ्या पूर्वजांची ती सवय आहे. तिला दांडा दिला नाही तर ती अंड्याच्या खोक्याच्या कडेवर बसते आणि रात्रभर त्यात घाण करते. सकाळी त्याच घाणीत अंडं पडतं आणि आपण म्हणतो, गावठी अंडी अशीच मळकी असतात. दांडा दोन इंच जाडीचा, कडा घासून गोल केलेला. लोखंडी पाइप नको, तो उन्हाळ्यात तापतो आणि पाय घसरतो. दर कोंबडीला नऊ इंच धरा. 10 कोंबड्यांना साडेसात फूट, म्हणजे 6 फूट लांबीचे दोन दांडे झाले. त्यांच्यात सव्वा फुटाचं अंतर आणि दोन्ही एकाच उंचीवर. शिडीसारखे वरखाली लावले तर वरच्या जागेवरून रोज संध्याकाळी भांडणं होतात. कोंबड्यांतही मानपान असतो, आणि आपल्या गावकीपेक्षा कमी नसतो. दांडे नुसते खाचेत ठेवलेले असावेत, खिळ्याने ठोकलेले नकोत. कारण पुढे येतंय.

अंड्याची खोकी दांड्यांपेक्षा खाली हवीत. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच, चार-पाच कोंबड्यांना एक. 10 कोंबड्यांना तीन असली तर चैन, पण सगळ्या एकाच खोक्यापुढे रांग लावणार हे धरून चाला. आत भाताचा पेंढा, पुढे गोणपाटाचा अर्धा पडदा. कोंबडीला अंडं घालताना आडोसा लागतो, उजेडातलं खोकं ती सोडून देते आणि हळदीच्या वाफ्यात घालायला जाते. नव्या तलंगांना जागा दाखवायला खोक्यात चुना लावलेला अंड्याएवढा गोटा ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना सकाळी दहानंतर सोडा, कारण बहुतेक अंडी सकाळी पडतात. अंडी धुऊ नका. कवचावर निसर्गतःच एक पातळ थर असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. पाण्याने तो निघून जातो. घाण लागलीच असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि ते अंडं त्याच दिवशी खा.

दांडे सुटे का ठेवायचे ते आता. कोंबडीची एक गोचीड असते. दिवसा ती कोंबडीच्या अंगावर सहसा सापडत नाही, दांड्याच्या सांध्यात, फळीच्या फटीत, सालीखाली दडून बसते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. कोंबड्यांचे तुरे पांढरे पडतात, अंडी कमी होतात, आपण खाद्य बदलत राहतो, आणि खरा रोग खाचेत बसलेला असतो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी दांडे उपसून बाहेर उन्हात टाका आणि खाचा बघा. काळपट, चपटे ठिपके दिसले तर त्या गोचिड्या. खाचांत उकळतं पाणी ओता, दांड्यांवरून पेटत्या चुडतीची धग फिरवा, आणि फटी चुन्याच्या घट्ट निवळीने भरून टाका. बांधतानाच फटी जितक्या कमी ठेवाल तितकं हे काम कमी. उवा-पिसवांसाठी त्यांना चुलीची राख आणि कोरडी माती एका टोपलीत द्या, छपराखाली, पावसात भिजणार नाही अशा जागी. त्यात त्या लोळतात, पंख फडफडवतात, राख पिसांत भरून घेतात. हीच त्यांची आंघोळ.

दाराबद्दल मी बोलणार हे तुम्ही ओळखलं असेलच. दार वाळलेल्या लाकडाचं, चौकटीत दोन्ही बाजूंनी पाव इंच जागा सोडून, आणि ती फट बाहेरून पत्र्याच्या पट्टीने झाकलेली. म्हणजे लाकूड फुगलं तरी दार अडत नाही आणि सुकलं तरी फट उघडी पडत नाही. कडी-कोयंडा, आणि कोयंड्यात खिळा. नुसत्या कडीवर कुत्र्याने नाक घासलं तरी ती उडते. अंडी काढायला बाहेरून वेगळं झाकण ठेवा, त्यालाही कडी. माणूस मोठं दार आठवणीने लावतो आणि हे छोटं झाकण विसरतो.

इतकं झालं की मग कोंबड्या. सहापासून सुरू करा, दहाच्या वर पहिल्या वर्षी जाऊ नका. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण ती खुडूक होते, रवणीला बसते, 21 दिवसांत पिल्लं काढते आणि ती वाढवतेसुद्धा. घारीवर पिसं फुलवून धावून जाणारी आई कुठल्या सरकारी केंद्रात मिळत नाही. वनराजा आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच काढलेल्या जाती. त्या अंडी पुष्कळ जास्त देतात, पण सहसा बसत नाहीत. आमच्या आईचा तोडगा असा, की चार सुधारित, दोन गावठी, आणि सुधारितांची अंडी गावठीखाली. अंडीच हवी असतील तर कोंबड्याची गरज नाही, त्याच्याशिवायही अंडी पडतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. शेजार जवळ असेल, किंवा तुम्ही शहराच्या कडेला राहत असाल, तर कोंबडा न ठेवणं हीच माणुसकी. शहरात राहणाऱ्यांनी आधी नगरपालिकेचा नियम आणि सोसायटीचं मत विचारावं. आठव्या मजल्याच्या बाल्कनीत मात्र कोंबडी ठेवू नये. नियमात बसलं तरी तिच्या पायाला माती लागली पाहिजे.

कडकनाथबद्दल हमखास विचारतात. ती मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात, 2018 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. कोंबडी काटक आहे, पण तिच्या भोवती जो पैशाचा बाजार उठला त्यात पुष्कळांनी हात पोळून घेतले. हौसेला दोन ठेवा. घर त्यावर चालवू नका.

पिल्लं घ्यायची तर मोटारसायकलवाल्याकडून घेण्यापेक्षा पशुसंवर्धन खात्याच्या अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा. पुण्याला खडकीला, कोल्हापूरला, छत्रपती संभाजीनगरला आणि नागपूरला अशी केंद्रं आहेत. तिथे लस कधी काय दिली ते सांगतात. ही लस म्हणजे खुराड्याची चौथी भिंत समजा. मानमोडी आली की कोंबडी मान वाकडी करून गरगर फिरते, हिरवट पातळ विष्ठा टाकते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. तिला औषध नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आणि दोन महिन्यांच्या आसपास पंखाखाली टोचणी, एवढं केलं की बहुतेक निभावतं. देवीची लसही त्याच सुमारास घ्यावी, नेमके दिवस दवाखान्यात विचारा.

इथे एक अडचण येते ती सांगतो, कारण तिच्यापायी बरेच जण लस टाळतात. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते. तुमच्याकडे आठ कोंबड्या, मग कुपी कोण फोडणार? आमच्या वाडीने यावर एक दिवस ठरवला. संध्याकाळी सगळ्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एक जण थर्मास घेऊन घरोघर फिरतो, दुसरा धरतो, तिसरा थेंब सोडतो. अंधारात कोंबडी हातात निमूट येते, दिवसा तीच कोंबडी पकडायला अर्धी वाडी पळवते. खर्च वाटून घेतला तर चहापेक्षा स्वस्त. तुमच्या आळीत चार घरी कोंबड्या असतील तर आजच त्यांच्याशी बोला, कारण मानमोडी कुंपण बघत नाही.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. बाहेरून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा, बाजारातून रोग तिच्याबरोबरच येतो. आणि एकाएकी तीन-चार कोंबड्या मेल्या तर त्या सोलू नका, कुत्र्याला टाकू नका, ओढ्यात तर मुळीच नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला, तेव्हा तिथे अख्खी शेडं रिकामी करावी लागली होती. लपवण्यात शहाणपण नाही.

कोंबड्या आणल्यावर पहिले चार-पाच दिवस त्यांना खुराड्यातून सोडूच नका. दाणा-पाणी आतच द्या. आपलं घर कुठलं ते त्यांच्या डोक्यात बसू द्या. मग संध्याकाळी सोडा, दिवे लागायच्या तासभर आधी, म्हणजे लांब जायला वेळ मिळत नाही. परत यायच्या वेळी कणी नाहीतर भरडलेला मका टाकून 'तीऽ तीऽ तीऽ' करा, रोज त्याच आवाजात. आठ दिवसांनी हाक मारायचीही गरज राहत नाही. अंधार पडू लागला की त्या एकेक करून येतात, दारात थबकतात, एक पाय वर धरून आत डोकावतात, आणि उडी मारून आपापल्या जागी बसतात. जागा ठरलेल्या असतात. माझी बायको आधी या सगळ्याच्या विरोधात होती. आता संध्याकाळचा चहा ती खुराड्यासमोरच्या पायरीवर बसून घेते.

खाली साचलेलं खत ताजं ताजं झाडाला घालू नका, मुळं जळतात. पालापाचोळ्यात मिसळून तीन महिने कुजवा, मग नारळाला द्या. अंड्याची टरफलं फेकू नका, भाजून, चुरून त्यांनाच परत घाला. समुद्राजवळ असाल तर शिंपल्यांचा चुराही चालेल. कवचाला चुना तिथूनच मिळतो.

बांधायला योग्य दिवस शिमग्यानंतरचे. लाकूड सुकं असतं, सुतार मोकळा असतो, आणि पावसाला तीन महिने असतात. खुराडं एक पाऊस अंगावर घेऊ दे म्हणणारे लोक आहेत, त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नाही, कारण गळती कुठे आहे ते कळतं. पण तेवढा धीर नसेल तर एक कळशी पाणी छपरावर ओता आणि आत बसून बघा.

शेवटचं काम सुताराचं नाही. रोज संध्याकाळी दार कोण लावणार, हे घरात बसून आधी ठरवा, नाव घेऊन ठरवा. 'कोणीतरी लावेल' असं ठेवू नका. लग्नाला, गावाला, दवाखान्यात जायची वेळ येणारच, तेव्हा कोणाला सांगून जायचं तेही ठरवा. आमच्याकडे दार आई लावते, कोयंड्यात खिळा घालून एकदा ओढून बघते, आणि ती नसली की पलीकडच्या घरच्या काकू लावतात. तुमच्याकडची दोन नावं पक्की झाली की मग पिल्लं आणायला निघा.